हाताची वस्तू, डोळ्याचा निवाडा

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महिन्यापूर्वी व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी फोन करून विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, “माउस.” पलीकडे जरा शांतता. मग प्रश्न आला, “म्हणजे संगणकावर बोलणार का?” मी म्हणालो, “नाही, चित्रकलेवर.” त्यानंतरची शांतता जास्त वेळ टिकली. गणपतीच्या वाहनाचा विनोद आपण सगळ्यांनी तीस वर्षांपूर्वीच करून संपवलाय, त्यामुळे तो मी सोडून देतो आणि सरळ मुद्द्याला हात घालतो.

ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे ड्रॉइंगचे मास्तर. माझ्या वयाच्या या गावातल्या बहुतेकांनी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षा त्यांच्याच हाताखाली दिल्या. वस्तुचित्राच्या तासाला ते टेबलावर एक पितळी तांब्या ठेवत. पण तो काढायला बसण्याआधी त्यांचा एक नियम होता. वर्गातल्या प्रत्येकाने रांगेने यायचं, तांब्या उचलायचा, परत ठेवायचा आणि मग जागेवर जायचं. तांब्यात अर्धं पाणी असायचं. चाळीस पोरांनी तांब्या उचलेपर्यंत तासातली पंधरा मिनिटं जायची. आम्ही कुरकुर करायचो, कारण परीक्षेत वस्तू हातात कुणी देत नाही. मास्तर म्हणायचे, “आधी हाताला विचारा, मग डोळ्याला विचारा.”

पुढे मी ड्राफ्ट्समन झालो आणि माझं पोट पेटंटची आणि डिझाइन नोंदणीची चित्रं काढण्यावर चाललं. या धंद्यात हाताला विचारायची सोय नाही. कायदा फक्त डोळ्याला विचारतो. आज मला बोलायचंय ते या दोन प्रश्नांमधल्या अंतराबद्दल. ते अंतर सगळ्यात स्पष्ट दिसतं ते माउससारख्या वस्तूत, म्हणून हा विषय.

•

आधी हा कागद कसा असतो ते सांगतो. अमेरिकेत पेटंट दोन मुख्य तऱ्हांचं. वस्तू काम कशी करते, यासाठीचं एक, आणि वस्तू दिसते कशी, यासाठीचं दुसरं. दुसऱ्याला डिझाइन पेटंट म्हणतात. पहिल्या प्रकारात पानंच्या पानं मजकूर असतो आणि वीस-वीस दावे असतात. डिझाइन पेटंटमध्ये दावा एकच, आणि तोही एका वाक्याचा. अमुक वस्तूची शोभेची रचना, दाखवल्याप्रमाणे आणि वर्णिल्याप्रमाणे. संपलं. ‘अमुक वस्तू’च्या जागी कधी चमचा असतो, कधी बूट, कधी ‘संगणकाचं इनपुट साधन’. खरा दावा वाक्यात नसतोच. तो चित्रांत असतो. समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि एक तिरक्या कोनातून, अशी साधारण सात चित्रं. इंटरमीजिएटला घनभूमितीचा पेपर ज्यांनी दिलाय, त्यांना हे ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की तिथे रेष चुकली तर मार्क जातात, इथे हक्क जातो.

या चित्रांची स्वतःची भाषा आहे. अखंड रेष म्हणजे ‘हे माझं’. तुटक रेष म्हणजे ‘हे इथे आहे, पण यावर माझा दावा नाही’. माउसच्या चित्रात त्याची वायर बऱ्याचदा तुटक रेषेत काढलेली दिसेल. वायर सगळ्यांचीच, तिच्यावर हक्क सांगून उपयोग काय? शिवाय वायर अखंड रेषेत काढली, तर बिनवायरीचा माउस काढणारा म्हणेल, माझा आकार वेगळा आहे. म्हणून अनुभवी ड्राफ्ट्समन आधी काय काढायचं ते ठरवत नाही. काय तुटक ठेवायचं ते ठरवतो.

हा कायदा जुना आहे. अमेरिकेत तो १८४२ साली झाला. त्याखाली पहिलं डिझाइन पेटंट मिळालं ते न्यूयॉर्कच्या जॉर्ज ब्रूस या टाइप ओतणाऱ्या कारखानदाराला, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, छापखान्याच्या खिळ्यांच्या नव्या वळणासाठी. म्हणजे या कायद्याने सगळ्यात आधी संरक्षण दिलं ते अक्षराच्या वळणाला. अक्षरलेखनासाठी बोरू तासून देणाऱ्या मास्तरांना हे कळलं असतं, तर त्यांनी वर्गात पेढे वाटले असते. १८७९ मध्ये फ्रेंच शिल्पकार बार्थोल्डी यांनी एका पुतळ्याच्या रचनेवर असंच पेटंट घेतलं. तो पुतळा म्हणजे न्यूयॉर्क बंदरातली स्वातंत्र्यदेवता. १९१५ मध्ये कोकाकोलाच्या बाटलीच्या आकाराला ते मिळालं.

पण नक्कल झाली की नाही हे ठरवायचं कुणी? त्याचा निकाल १८७१ साली काट्या-चमच्यांवरून लागला. गोरहॅम नावाच्या चांदीच्या भांड्यांच्या कंपनीने चमच्याच्या दांड्याच्या एका घाटावर पेटंट घेतलं होतं. व्हाइट नावाच्या प्रतिस्पर्ध्याने जवळपास तसेच चमचे काढले. खालच्या न्यायालयाचं म्हणणं होतं की जाणकार कारागिराला दोन्हींतला फरक दिसतो, म्हणून ही नक्कल नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. कसोटी जाणकाराची नाही, सामान्य गिऱ्हाइकाची. दुकानात गेलेला माणूस जेवढं लक्ष देतो तेवढं देऊन एक वस्तू दुसरीच समजून घेऊन येईल, इतकं साम्य असेल तर ती नक्कल. आजही तिथे मूळ कसोटी तीच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवू. या कायद्याचा डोळा म्हणजे दुकानातला डोळा. चमचा तोंडात घातल्यावर काय होतं, हे त्या डोळ्याला विचारायचं नाही.

•

आता माउसकडे वळू. त्याचा जन्म शोभेच्या कागदाविना झाला. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट काम करत. पडद्यावरच्या मजकुरात नेमकी जागा दाखवायची कशी, हा त्यांचा प्रश्न होता. नकाशावरचं क्षेत्रफळ मोजायला प्लॅनिमीटर नावाचं उपकरण असतं. त्याचं चाक कागदावर फिरतं. त्यावरून त्यांना कल्पना सुचली की एकमेकांना काटकोनात असलेली दोन चाकं टेबलावर फिरवली, तर एक आडवी हालचाल मोजेल आणि दुसरं उभी. १९६४ मध्ये त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी ते प्रत्यक्षात आणलं. तळहातात मावणारा लाकडी ठोकळा, खाली दोन धातूची चाकं, वर एक बटण आणि मागे शेपटीसारखी वायर. या साधनाला ‘उंदीर’ हे नाव नेमकं कुणी दिलं, हे पुढे त्यांच्यापैकी कुणालाच आठवलं नाही. मनगटाकडची वायर हाताखाली यायची, म्हणून लवकरच ती पुढच्या बाजूला गेली. शेपटी डोक्याकडे गेली तरी नाव तेच राहिलं.

लक्षात घ्या, वायर हलवण्याचा तो निर्णय हाताने घेतला होता. डोळ्याच्या दृष्टीने शेपटी मागेच बरी होती, नावालाही ती शोभत होती.

या ठोकळ्याची त्यांनी रीतसर परीक्षा घेतली. पडद्यावर टेकवायची प्रकाशलेखणी, जॉयस्टिक, इतकंच काय, टेबलाखाली गुडघ्याने चालवायचं साधनही स्पर्धेत होतं. सरावलेल्या माणसांच्या हातात माउस सरस ठरला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एंगलबार्ट यांनी नव्वद मिनिटांचं प्रात्यक्षिक दिलं. उजव्या हातात माउस आणि डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा एक छोटा संच, पेटीच्या सुरांसारखा एकावेळी अनेक पट्ट्या दाबून अक्षर उमटवणारा. माउसचं पेटंट १९७० मध्ये मिळालं. त्याचं शीर्षक ‘एका दृश्यप्रणालीसाठी आडव्या-उभ्या स्थानाचा दर्शक’ अशा अर्थाचं आहे. त्यात चाकं आहेत, वायरी आहेत, मोजमाप आहे. शोभेचा शब्दही नाही. त्या पेटंटमधल्या ठोकळ्याला कोपरे आहेत, एवढंच रूप.

त्याच १९६८ साली, प्रात्यक्षिकाच्या आधी, जर्मनीत टेलेफुंकेन कंपनीने ‘रोलकूगेल’ म्हणजे लोटगोळा नावाचं साधन आणलं. विमानांच्या वाहतूक-नियंत्रणात टेबलात बसवलेला गोळा हाताने फिरवायचा असे. त्यांनी तो उलटा करून अर्धगोल कवचात बसवला. खाली चेंडू, वर बटण. दोन देशांत, एकमेकांना न विचारता, जवळपास एकच वस्तू एकाच साली लोकांपुढे आली. जर्मन पेटंट कार्यालयाने मात्र त्याला पेटंट नाकारलं. त्यात शोध म्हणावा एवढी उंची नाही, असं त्यांचं मत पडलं.

म्हणजे माउसच्या पोटात काय आहे, यावर पहिली पंधरा-वीस वर्षं वाद, नकार आणि मान्यता चालू होत्या. रूपाचा प्रश्न अजून आलाच नव्हता.

•

तो आला बाजाराबरोबर. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्राने माउस चेंडूचा केला आणि आपल्या संगणकांना जोडला. मग ॲपलला तो हवासा झाला. डीन हॉवी या तरुण डिझायनरकडे काम आलं. हॉवी यांनी पुढे सांगितलेली आठवण अशी. झेरॉक्सचा माउस तीनशे डॉलर खर्चाचा आणि दोन आठवड्यांत बिघडणारा होता. स्टीव्ह जॉब्स यांना हवा होता तो पंधरा डॉलरात बनणारा, दोन वर्षं टिकणारा आणि साध्या टेबलावरच काय, त्यांच्या जीन्सवरही चालणारा. हॉवी दुकानात गेले, रोल-ऑन डिओडरंटच्या बाटल्या आणल्या, त्यातला गोळा काढला आणि तो लोण्याच्या एका प्लास्टिकच्या डबीत बसवला. पहिल्या नमुन्यांपैकी एक असा झाला. त्यातून ‘लिसा’ या संगणकाचा एका बटणाचा माउस आला, १९८३ मध्ये. लिसाची किंमत ९,९९५ डॉलर होती, तरी तिचा उंदीर लोण्याच्या डबीतून निघाला होता. तेवढी कृष्णलीला प्रत्येक शोधात असते.

त्यानंतर काय झालं, ते माझ्या धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. पुढच्या काही वर्षांत सगळ्यांच्या माउसची आतडी सारखी झाली. चेंडू, दोन रूळ, दोन-तीन बटणं. स्वित्झर्लंडमध्ये १९८१ साली स्थापन झालेली लॉजिटेक, मायक्रोसॉफ्ट, ॲपल, सगळ्यांच्या कवचाखाली जवळजवळ तेच यंत्र. १९८७ च्या सुमारास एंगलबार्ट यांच्या पेटंटची मुदतही संपली. त्या माणसाला त्यातून फारसं मिळालं नव्हतं, हे जाता जाता सांगतो. आता यंत्रावर हक्क सांगायला जागा उरली नाही. मग हक्क सांगायला उरलं ते एकच, कवच. त्याची पाठ किती उंच, कंबर कुठे बारीक, बटणाची फट कशी वळते.

आतलं सारखं झालं की बाहेरच्या रेषेला भाव येतो. डिझाइन पेटंटांचा महापूर नेमका अशा वेळी येतो. याच काळापासून ‘संगणकाच्या इनपुट साधनाची शोभेची रचना’ या एका वाक्याखाली हजारो उंदरांची सात-सात चित्रं निघाली. त्यातल्या काहींच्या पाठी मीही काढल्या आहेत.

•

आता ज्या उंदराची मी वाट पाहत होतो, तो येतो. १९९८ मध्ये ॲपलने आयमॅक आणला. निळसर, अर्धपारदर्शक, कँडीसारखा. त्याच्याबरोबर माउसही आला, अगदी गोल. आइस हॉकीतल्या चकतीवरून लोक त्याला ‘हॉकी पक’ म्हणू लागले. आपल्याकडे आला असता, तर मोठा पेढा म्हटलं असतं. कपाटात ठेवावा इतका देखणा. वरून पाहिला तर पूर्ण वर्तुळ. घनभूमितीच्या पेपरात त्याचं वरचं दृश्य कंपासच्या एका फिरकीत निघतं.

आणि तो वापरणाऱ्यांना वैताग आला. कारण सांगतो. माउस पडद्याला दिशा सांगतो ती स्वतःच्या अंगाच्या हिशेबाने. त्याचं नाक ज्या बाजूला, ती त्याची ‘वर’. माउस हातात जरा फिरला, तर हात सरळ वर नेला तरी पडद्यावरचा बाण तिरका जातो. लांबट माउसमध्ये ही चूक होत नाही, कारण तळहात त्याच्या लांबीवरून नाक कुठे आहे ते ओळखतो. वर्तुळाला नाक नसतं. हात टाकला की आधी खाली बघायचं, वायर कुठे आहे ते शोधायचं, मग काम. पुढे कंपनीने बटणावर बोटासाठी एक खळगा दिला. दुसऱ्या कंपन्यांनी त्यावर चढवायची लांबट टोपी विकायला काढली, म्हणजे वर्तुळाला नाक लावून देण्याचा धंदा सुरू झाला. २००० मध्ये ॲपलने तो माउस बंद केला आणि पुन्हा लांबट आकार आणला.

मला या गोष्टीत हसण्यासारखं काही वाटत नाही. जगातल्या उत्तम डिझायनरांपैकी काहींचा हात त्याला लागला होता. चूक हाताच्या कौशल्याची नव्हती. चूक ही की वस्तू डोळ्याने तपासली होती. माउस ही अशी वस्तू आहे की वापरताना तिच्याकडे कुणी बघतच नाही. डोळे पडद्यावर असतात. माउसचं सगळं आयुष्य न बघता हाताळलं जाण्यात जातं. आणि कायदा म्हणतो, हिचं मोल ठरवायचं ते फक्त बघून.

हा फक्त अमेरिकेचा कायदा आहे असं समजू नका. आपला डिझाइन कायदा २००० सालचा, ११ मे २००१ पासून लागू. नोंदणीचं काम कोलकात्याच्या कार्यालयात चालतं. त्यात डिझाइनची व्याख्या आहे ती वस्तूवरच्या आकार, घाट, नक्षी, रेषा आणि रंग यांच्या अशा गुणांची, जे तयार वस्तूत डोळ्याला भावतात आणि केवळ डोळ्यानेच पारखले जातात. ‘केवळ’ हा शब्द कायद्यातला आहे, माझा नाही. जे निव्वळ यांत्रिक, ते व्याख्येतून बाहेर. आपल्याकडच्या अर्जात चित्राखाली एक ठराविक ओळही घालायची पद्धत आहे, की वस्तूच्या कोणत्याही यांत्रिक क्रियेवर आमचा दावा नाही. अशी ओळ मी आयुष्यात किती वेळा लिहिली असेन, याचा हिशेब नाही. दर वेळी ती लिहिताना मास्तर मागे उभे असल्यासारखं वाटतं. अमेरिकेत आता मुदत पंधरा वर्षं आहे, आपल्याकडे दहा आणि वर पाच. बेरीज तीच. म्हणजे दोन्ही देशांत डोळ्याच्या पसंतीला पंधरा वर्षांचं आयुष्य.

•

आता कायद्याची बाजू मांडली पाहिजे, नाहीतर हे एकतर्फी होईल. डोळा आणि हात असे वेगळे करण्यामागे रास्त कारण आहे. यंत्राचं पेटंट मिळवायचं तर ते खरोखर नवं आहे, कुणाला सहज सुचण्यासारखं नाही, हे सिद्ध करावं लागतं. रूपाची नोंदणी त्या मानाने स्वस्त आणि सोपी. जर हाताला बरं वाटण्यावरही याच स्वस्त कागदाने हक्क मिळाला, तर जो कुणी आधी उंच पाठीचा माउस नोंदवेल तो उद्या सगळ्यांच्या मनगटाचा मालक होईल. आकार जर फक्त कामानेच ठरत असेल, तर तो सगळ्यांना मोकळा राहिला पाहिजे. या न्यायात मला काही खोट दिसत नाही. म्हणून मी कायदा बदला असं म्हणायला इथे आलेलो नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. कायद्याने सोयीसाठी आखलेली रेष आपण वस्तूच्या अंगावरची रेष समजू लागलो. कारखानदार म्हणतो, रूप वेगळं, काम वेगळं. गिऱ्हाईक म्हणतं, दिसायला छान आहे, वापरून सवय होईल. आणि मग २०१५ मध्ये ॲपलचा एक सुंदर, सपाट माउस असा येतो की त्याला चार्ज करायचं भोक पोटाखाली आहे. चार्जिंगला लावला की उलट्या पडलेल्या झुरळासारखा पाय वर करून पडून राहतो आणि तेवढा वेळ वापरता येत नाही. वरच्या दृश्यात एकही भोक दिसू नये, म्हणून ते खालच्या दृश्यात ढकललं, असं कुणालाही वाटावं. सात चित्रांतलं सगळ्यात कमी पाहिलं जाणारं चित्र खालचं असतं, हे माझ्यासारख्याला सांगायला नको.

आपल्या भाषेत या गोंधळाचं उत्तर आहे, असं मला वाटतं. ‘शोभा’ या एका शब्दाच्या मराठीत दोन वाटा झाल्या आहेत. ‘शोभेची वस्तू’ म्हणजे काचेच्या कपाटातली, हात न लावायची. पण ‘शोभणं’ याचा अर्थ वेगळा. “हे तुला शोभतं का?” असं आई विचारायची, तेव्हा ती सौंदर्याबद्दल विचारत नव्हती. जागेला, माणसाला, प्रसंगाला साजेसं आहे का, असं विचारत होती. संस्कृतातला ‘अलंकार’ हा शब्दही असाच. त्यातलं ‘अलम्’ म्हणजे पुरेसं. अलंकार म्हणजे मुळात पुरेसं करणं, सज्ज करणं. काव्यशास्त्रात त्यावर मोठे वाद झाले. अलंकार अंगावर चढवलेल्या दागिन्यासारखे उतरवता येतात, असं एक मत, तर वामनासारख्याने सौंदर्यालाच अलंकार म्हटलं. माउसच्या वकिलांना हा वाद माहीत नाही, पण ते तोच वाद घालत आहेत.

शोभेचं आणि शोभणारं, यातला फरक बघायचा असेल तर घरी गेल्यावर संगणकाच्या कळफलकावर बोट फिरवा. एफ आणि जे या दोन कळांवर एकेक बारीक उंचवटा आहे. दोन्ही तर्जन्या न बघता आपापल्या घरी याव्यात म्हणून. डोळ्याला तो जवळजवळ दिसत नाही. कळफलकाच्या अंगावरचा सगळ्यात छोटा दागिना आहे तो, आणि बोटाखेरीज कुणासाठीही नाही. आपल्या देवनागरीसाठी सरकारी पातळीवर जी इन्स्क्रिप्ट मांडणी १९८६ मध्ये ठरली, तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला आहेत, व्यंजनं बहुतेक उजव्या. त्यामुळे त्याच दोन उंचवट्यांखाली मराठी टाइप करणाऱ्याला डावीकडे पहिली वेलांटी सापडते आणि उजवीकडे ‘र’. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक कळफलकांवर ही अक्षरं छापलेली नसतात, मग आपण स्टिकर चिकटवतो आणि महिन्याभरात ते निघतात. तरीही इन्स्क्रिप्ट शिकलेली मुलं सुटतात झरझर, कारण बोटाला त्या उंचवट्याचा आधार पुरतो. जे डोळ्याला पुरत नाही ते हाताला पुरतं, हे कळफलक सिद्ध करतो.

दुसरं उदाहरण आयबीएमच्या थिंकपॅड या लॅपटॉपवरचं, १९९२ मधलं. काळ्या कळांच्या मधोमध एक छोटी लाल गोटी. टेड सेल्कर यांनी ती शोधली ती बाण हलवायला हात कळफलकावरून उचलावाच लागू नये म्हणून. लाल रंग मात्र डिझायनर रिचर्ड सॅपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. कंपनीच्या सुरक्षा-नियमात लाल रंग आणीबाणीत वीज तोडायच्या बटणासाठी राखून ठेवलेला होता, म्हणून गोटीच्या रंगाला कागदावर ‘मॅजेन्टा’ म्हणून सोडवून घेतलं, असं सांगतात. डोळ्याने ती लगेच सापडते, आणि बोट एकदा तिच्या खरखरीत टोकावर टेकलं की डोळ्याची गरज राहत नाही. इथे डोळा दार उघडतो आणि बाजूला होतो. असा दागिना मला शोभणारा वाटतो.

•

शेवटी मास्तरांकडे जातो, पण एका अहवालाच्या वाटेने. १९५८ मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून अमेरिकेतले डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स इथे फिरले आणि त्यांनी ‘इंडिया रिपोर्ट’ नावाचा अहवाल लिहिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. देशभर पाहिलेल्या वस्तूंत त्यांचं मन बसलं ते लोट्यावर, म्हणजे आपल्या तांब्याच्या भावावर. आज कुणाला लोटा नव्याने घडवायचा असेल तर काय काय विचारावं लागेल, याची त्यांनी लांब यादी केली. कमरेवर कसा बसेल, भरल्यावर तोल कुठे जाईल, पाणी कसं ओतलं जाईल, घासता कसा येईल, आवाज कसा होईल, विकून किती येतील. कुणा एका माणसाने तो घडवलेला नाही, अनेक पिढ्यांच्या हातांनी घडवलाय, हा त्यांचा निष्कर्ष. मी तो अहवाल वाचला तेव्हा मला मास्तरांची रांग आठवली.

तांब्याचा गळा पाहा. त्याचा सगळा डौल त्या आवळलेल्या गळ्यात आहे. पोटापासून गळ्यापर्यंत जाणारी ती रेष काढायला आम्ही रबराने कागद फाडायचो. पण तो गळा आहे कशासाठी? बोटं बसावीत आणि पाणी हिंदकळू नये म्हणून. आता मला सांगा, तो गळा शोभेचा की कामाचा? चित्रात अखंड रेषेत काढायचा की तुटक? पुण्याच्या तांबट आळीत भांडं घेताना बायका आधी टिचकी मारून आवाज ऐकत, मग उचलून बघत, मग आतून बोट फिरवत आणि शेवटी बाजूला धरून बघत. गिऱ्हाइकाची कसोटी तीही होती. गोरहॅमच्या खटल्यातल्या गिऱ्हाइकापेक्षा ती लांब चाले, इतकंच. आज माउस प्लास्टिकच्या घट्ट फुगीर आवरणात बंद असतो. पैसे दिल्याशिवाय त्याला बोट लावता येत नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. कोर्टात डोळ्याचा निवाडा चालू द्या. घरात, दुकानात, कारखान्यात आणि ड्रॉइंगच्या वर्गात तो पुरेसा मानू नका. वस्तू काढण्याआधी, विकत घेण्याआधी, बनवण्याआधी एकदा ती उचला. मी अजूनही चित्रासाठी आलेला माउस दिवसभर वापरतो आणि मगच काढायला घेतो. माझ्या सात चित्रांत त्याने एका रेषेचाही फरक पडत नाही, हे मला माहीत आहे. कायद्याला ते चालतच नाही. पण मला कळतं की मी काय सोडून दिलं.

परवा मास्तरांच्या मुलाने तो तांब्या मला दाखवला. अजून आहे. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं आहे, पूर्वी लग्नात मिळालेल्या भांड्यांवर घालत तसं. माझ्या धंद्यात तुटक रेष म्हणजे ‘हे माझं नाही’. तिथे मात्र ठिपक्यांनीच मालकी लिहिली होती. मास्तरांच्या आईचं नाव असणार. पण ते आता वाचता येत नाही. चिंच आणि राखेने घासून, आणि आमच्यासारख्या पोरांनी वर्षानुवर्षं उचलून, नेमकं तेवढ्याच जागेवरचं पितळ गुळगुळीत झालंय. मी तो उचलला. बोटं न शोधता बरोबर तिथेच गेली.